सख्खी

"पेशंट तुमच्या कोण?" असं खिडकीमागच्या तंत्रज्ञाने विचारलं तेव्हा हनुमान "आई" म्हणाला, आणि खरं तर विषय तिथेच संपायला हवा होता. पण त्या माणसाने, ऋतुराज असं नाव त्याच्या छातीवरच्या पट्टीवर होतं, हातातल्या दोन बारक्या नळ्यांकडे पाहिलं, मग हनुमानकडे पाहिलं, आणि चहात साखर किती असं विचारावं तितक्या सहज विचारलं, "सख्खी?"

"म्हणजे?"

"नाही, असंच. आईंचा ओ आहे, तुमचा एबी. तुमचं रक्त त्यांना चालत नाही, पण बदली म्हणून आम्ही ठेवून घेतो. त्यांना ओची पिशवी देऊ. बसा तुम्ही, ज्यूस घ्या." आणि त्याने काच सरकवली.

हनुमान कोपरावरची चिकटपट्टी दाबत रक्तपेढीच्या पायऱ्यांवर येऊन बसला. क्रांती चौकाकडून हॉर्नचा गलबला येत होता. वाळूजच्या एका कारखान्यात तो गेली वीसेक वर्षं क्वालिटीला होता. गिअरमध्ये बसणाऱ्या पोलादी चकत्या त्याच्या टेबलावर यायच्या, तो त्या गेजमधून, म्हणजे मापाच्या साच्यातून, घालून बघायचा. गेली ती गेली, अडकली ती लाल पेटीत. मशीनवरचा माणूस "असंच" म्हणाला की समजायचं, आदल्या पाळीत काहीतरी झालंय. कुणी कारण नसताना असंच काही विचारत नाही. त्याने मोबाइल काढला. तांबड्या पेशींवर खुणा असतात म्हणे, ए नावाची एक, बी नावाची एक. ओ म्हणजे दोन्हींपैकी एकही नाही. मूल एक वाटा आईकडून घेतं, एक बापाकडून. एबी व्हायला ए एकाने द्यावा लागतो, बी दुसऱ्याने. ओ असलेल्या आईकडे द्यायला काहीच नसतं. खाली एक तक्ता होता, रंगीत, शाळेच्या भिंतीवर असतो तसा. आई ओ, मूल एबी, या चौकोनात फुली होती. त्याने तक्ता बोटांनी मोठा करून पाहिला. फुली मोठी झाली.

बानाबाई दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर होती. मोरीत पाय सरकून खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन वर्षांपूर्वी डावा हात लुळा पडून परत हलायला लागला, तेव्हापासून ती रक्त पातळ ठेवणारी गोळी खायची, त्यामुळे ऑपरेशन लांबलं होतं. गोळीचा अंमल उतरू द्यायचा, तोवर शरीरातलं रक्त मांडीत झिरपून मांडी काळीनिळी. रक्त भरल्याशिवाय टेबलावर घेणार नाही, असं हाडाच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. हनुमान खाटेशी उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आईकडे टेबलावरचा पीस बघावा तसं पाहिलं. तिचे कान पातळ, पाळी लोंबलेली. त्याचे कान डोक्याला चिकटलेले. तिची बोटं आखूड, अंगठा मागे वळणारा. त्याने स्वतःचा अंगठा वळवून पाहिला. वळला, पण तेवढा नाही. तेवढा नाही म्हणजे किती, हे ठरवायला त्याच्याकडे गेज नव्हतं.

"काय बघायलास?" बानाबाई म्हणाली.

"काही नाही."

"दिलं का रगत?"

"दिलं."

"चक्कर आली आसंल. त्या शीलाला म्हणाव डबा काढ." मग शेजारच्या खाटेवरच्या सिल्लोडच्या बाईला सांगू लागली, "माझं लेकरू लई भित्रं. सुई बगितली की पांढरं पडतंय."

"बेटा तो बेटाच होता अम्मा," ती बाई म्हणाली, "कित्ता बी बडा हो जाव."

शीलाने डबा उघडला आणि नवऱ्याकडे पाहून हसली. "तुमचं तोंड बघा. अख्खी बॅच रिजेक्ट केल्यासारखं."

तो भाकरी चावत राहिला. घरात लहानपणी ती त्याची माय होती. शहरात आल्यावर लोकांसमोर आई झाली. तो कुठे जन्मला याचा कुणी पुरावा दिला नव्हता आणि त्याने मागितलाही नव्हता. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचं, शेतमालकाच्या रानात रात्री कळप बसवायचा, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, पुढच्या रानाकडे निघायचं. त्यातच कधीतरी दौलताबादच्या किल्ल्याखाली एका पेरूच्या बागेशेजारी तो झाला, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख एक जून टाकली, वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती. त्याच्याआधी दोन लेकरं झाली आणि गेली, हे त्याला आत्याकडून कळलं होतं, मायकडून नाही. तिसरंही गेलं असेल तर? बाप या विषयावर बोलायचा नाही, आणि आता तो नव्हताच. रानारानांतून फिरणारी बाई, रिकाम्या पोटाची, आणि कुठल्यातरी बांधावर कुणालातरी नको असलेलं एक मूल. त्याला हे सगळं इतकं स्वच्छ दिसायला लागलं की जणू तो तिथे होता. आणि मग त्याला खरोखर दिसलेलं एक आठवलं. तो सहासात वर्षांचा असेल. एका मेंढीचं कोकरू मेलेलं, दुसऱ्या एका कोकराची माय मेलेली. बानाबाईने त्या मेंढीच्या सडातलं दूध काढून पोरक्या कोकराच्या अंगाला, शेपटीला चोळलं, मेंढीचा पाय खुंट्याला बांधला आणि कोकरू तिच्याखाली ढकललं. मेंढीने लाथ मारली. बानाबाईने परत ढकललं. "हुंगती अन् वळखती," ती म्हणाली होती, "आपुनच तिला वळखायला लावायचं. मग ती दुसऱ्याला हात लावू देत न्हाय." त्याला ते तेव्हा फार आवडलं होतं. चौथ्या दिवशी मेंढी त्या कोकराला हाका मारत हिंडत होती. आता त्याने उरलेली भाकरी डब्यात परत ठेवली.

आणि मामाचं ते. तेही आज वेगळं दिसायला लागलं. त्यांच्यात मामाची मुलगी ही बोललेलीच असते; सोनाजीमामाची थोरली हनुमानला द्यायची हे ती रांगत होती तेव्हापासून ठरलेलं. बायका तिला त्याच्या नावाने चिडवायच्या. साखरपुडा तोंडावर आला आणि मामाने ते मोडलं. कारण दिलं नाही. बानाबाई भावाच्या दारात जाऊन रडली, तरी दिलं नाही; तेव्हापासून ती भावाशी बोलत नव्हती. हनुमानला त्या वेळी राग आला, मग शीला आली आणि राग कुठेतरी ठेवून दिला गेला. पण लहानपणापासून ठरलेली पोरगी सख्ख्या भाच्याला न देण्याचं कारण काय असू शकतं? तो भाचा असेल तर एकही सापडत नाही. नसेल, तर एकच सापडतं.

त्याने व्हरांड्यात जाऊन मामाला फोन लावला. पेढीत अजून एक बदली रक्तदाता हवा होता, तेव्हा निमित्त खोटं नव्हतं.

"मामा, मायला रक्त लागतंय. तुम्ही येता का?"

"येतो की. बघायला येतो."

"रक्त द्यायला."

पलीकडे शेळी ओरडली. मग मामा म्हणाला, "माझं नगं. धाकट्या पोराला धाडतो. तो जवान हाये."

"तुमचं का नको? सख्खे भाऊ तुम्ही."

"आरं, नगं म्हणलं ना."

"मामा, रक्ताचं काही आहे का? मला माहीत नाही असं काही?"

खूप वेळ फक्त वाऱ्याचा आवाज. "तुला कुणी काय सांगितलं?" मामा हळू आवाजात म्हणाला, आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवला.

हनुमानने मोबाइल खिशात घातला. गेजमध्ये अडकलेला पीस काढताना जसा एक बारीक करकर आवाज होतो, तसं काहीतरी त्याला आपल्यात ऐकू आलं. सगळ्यांना माहीत आहे. मामाला, आत्याला, कदाचित मेलेल्या बापाने सगळ्यांकडून शपथ घेतली असेल. आपण एकटेच इतकी वर्षं तिचे पाय चेपतो, गोळ्या आणतो, कागदावर नाव लावतो. तो परत वॉर्डात आला. शीला पाणी आणायला गेली होती. शेजारची बाई झोपली होती. बानाबाई छताच्या पंख्याकडे बघत होती. आपण विचारणार नाही असं त्याने ठरवलं, आणि विचारलं.

"माय, मी तुझाच ना?"

तिने मान वळवली. तिच्या डोळ्यांत त्याला हवं ते काहीच नव्हतं, भीती नाही, चोरी पकडली गेल्याची लाज नाही. नुसतं बघणं होतं, अंधारात काही हललं म्हणून बघावं तसं. मग तिने तोंड भिंतीकडे केलं. शीला बाटली घेऊन आली तेव्हा तो पायथ्याशी पांघरुणाची घडी घालत होता, आधीच घातलेली.

दुपारी पेढीतून निरोप आला. तो खाली गेला तर ऋतुराज खिडकीत नव्हता, दार उघडून बाहेर आला आणि त्याला आत घेऊन गेला. टेबलावर नळ्यांची रांग होती. राजनंदिनी मॅडम, रक्तपेढीच्या डॉक्टर, चष्मा कपाळावर सरकवून एक नळी उजेडासमोर धरून बघत होत्या.

"हे बघा," ऋतुराज म्हणाला. नळीच्या तळाशी लाल रवा बसल्यासारखा दिसत होता. "तुमच्या आईंच्या रक्तातलं वरचं पाणी आणि आमच्याकडची ओची पिशवी. जुळायला हवी होती. सगळ्या ओच्या पिशव्या लावून पाहिल्या, प्रत्येकीत हेच."

"गोठलं?"

"गोठणं नाही हे. गोठणं कामाचं असतं, जखम झाली की रक्त धागे विणून भोक बुजवतं. ही तर नुसती गुठळी. बाहेरच्या पेशी आत आल्या की तुमच्या आईंचं रक्त त्यांना धरून एकमेकींना चिकटवतं, फोडतं. शिरेत झालं असतं तर बाई गेल्या असत्या."

मॅडमनी नळी खाली ठेवली. "बसा. ए आणि बी या खुणा पेशीवर थेट बसत नाहीत. खाली एक पाया लागतो, त्याला एच म्हणतात. जवळजवळ सगळ्यांकडे असतो, ओवाल्यांकडेही. तुमच्या आईंच्या पेशींवर तो पायाच नाही. त्यांच्याकडे ए असेल, तरी लावायला जागा नाही. म्हणून सुरुवातीला त्या ओ दिसल्या. ओ नाहीत त्या. याला बॉम्बे गट म्हणतात, मुंबईत पहिल्यांदा सापडला म्हणून."

"तिच्याकडे ए असू शकतो?"

"असू शकतो. तो त्यांनी तुम्हाला दिला असेल, पाया तुम्हाला वडिलांकडून मिळाला, म्हणून तुमच्यात तो दिसला. तुम्ही एबी असणं अगदी बरोबर बसतं." ऋतुराजने मान खाली घातली. "याने सकाळी तुम्हाला काहीबाही विचारलं म्हणे. लक्ष देऊ नका."

हनुमानच्या छातीत काहीतरी सैल झालं, आणि ते पुरतं सैल व्हायच्या आत मॅडम पुढे बोलल्या. "पण त्याचा अर्थ असा की शहरातली एकही पिशवी त्यांना चालणार नाही. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं लागेल. मी मुंबईला, पुण्याला विचारलंय. पण वाट बघायला आपल्याकडे किती वेळ आहे ते मांडी बघून तुम्हाला कळतंच. त्यांचे आईवडील नात्यातले होते का?"

"आजोबांनी मामाचीच मुलगी केली होती."

"मग सख्खं भावंड कुणी असेल तर आधी त्याला आणा. चारातल्या एकाला तरी शक्यता असते."

सोनाजीमामा दुसऱ्या दिवशी उजाडता सिल्लोडच्या गाडीने आला. हनुमानने रात्री परत फोन करून काय सांगितलं ते त्याचं त्यालाच नीट आठवत नव्हतं. ओरडला होता एवढं खरं. मामा पायऱ्यांवरच बसला, खांद्यावरची घोंगडी मांडीवर घेऊन, आत यायला तयार होईना.

"एकदा घेतलं व्हतं माझं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सिल्लोडला शिबिर व्हतं. केळं दिलं, बिस्कुट दिलं. मग पुढच्या आठवड्यात माणूस घरी आला, चला म्हणला परत. तिथं साहेब म्हणला, तुम्हाला कुणाचंच रगत चालायचं नाय. अन् इचारलं, मायबाप नात्यातले का? म्हणलं, व्हय. त्यानं बाजूच्याकडं बगून मान हलीवली." मामाने तशीच मान हलवून दाखवली. "मी उठलो तिथनं. घरात दोन लेकी लग्नाच्या. रगतातच खोड हाये असं एकदा बाहेर पडलं आसतं, तर कोण हात लावणार व्हतं त्यांना?"

"आणि माझं?"

"तुझं काय? तू बानाचा. तीच खोड तिकडूनबी आली आसंल. तुला माझी पोरगी देऊन दोन्हीकडनं उतरवू का लेकरात?" मग पहिल्यांदाच त्याने वर पाहिलं. "लई वर्षं बोलली नाय बाना माझ्याशी. म्हणलं, नगं बोलू. पन सांगनार काय व्हतो?"

फोनवरची ती शांतता, मोडलेला साखरपुडा, वीस वर्षांचा अबोला, त्याने काल जुळवून ठेवलेली एकेक चकती निसटून दुसऱ्याच जागी जाऊन बसली आणि तिथे ती अधिक घट्ट बसली. त्याला हसू आलं, मग रडूही, आणि दोन्ही त्याने दाबलं. "मामा, खोड नाही ती. तुमचंच रक्त लागतंय तिला. दुसऱ्या कुणाचंच नाही."

"खरं?"

"आत चला."

"सुई लई मोठी आस्ती का रं?"

मॅडमनी तपासलं. जुळलं. मामाची पिशवी भरत असताना तो डोळे मिटून देवाचं नाव घेत होता, आणि ऋतुराज त्याला म्हणत होता, "मामा, राजा माणूस तुम्ही, असं रक्त मी आजवर हाताळलं नव्हतं." मामाने एक डोळा उघडला. "मग पयलेच सांगायचं ना बाबा." संध्याकाळी दुसरी पिशवी पुण्याहून बसने आली, बर्फाच्या डब्यात, कुणा अनोळखी माणसाची. हनुमानने ती हातात धरून पाहिली. पोटच्या पोराचं चाललं नसतं, आणि हे चालणार होतं.

ऑपरेशन झालं. रॉड बसला. बानाबाईला परत खिडकीजवळच्या खाटेवर आणलं, आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हनुमानने सोडला नाही. त्याच्या डोक्यात एक बारीक, कोरडा विचार होता आणि तो जात नव्हता. मॅडम म्हणाल्या होत्या, बरोबर बसतं. पण बसणं हे गेजचं काम. चकती गेजमधून गेली म्हणजे ती मापात आहे. ती आपल्याच मशीनवर झाली, हे गेज सांगत नाही. शेजारच्या कारखान्यातलीही जाईल. मामाने "तू बानाचा" म्हटलं, पण मामाला जे सांगितलं असेल तेच मामा म्हणणार. आणि मायने उत्तर दिलं नव्हतं. भिंतीकडे तोंड केलं होतं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची ते पाणी दे, उशी सरकव, एवढंच. तिने ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी तो खाली जाऊन ऋतुराजला सहज, असंच, विचारून आला, की पुरती खात्री करायची झाली तर काय करतात. ऋतुराजने त्याच्याकडे नीट पाहिलं. थुंकीवरून होतं म्हणाला, दोघांच्या. बाहेर पाठवावं लागतं. त्यांना सांगायलाच पाहिजे असं नाही म्हणून तो कुजबुजला आणि लगेच म्हणाला, सांगायला पाहिजे खरं तर. दुपारी एक माणूस नमुने न्यायला येतो, तेव्हा बघू.

दुपारी सिस्टर आली आणि बानाबाईच्या हातातली सलाईनची सुई काढली. "दाबून धरा," ती हनुमानला म्हणाली, "पातळ करायची गोळी परत सुरू केलीय, वेळ लागेल." आणि पुढच्या खाटेकडे गेली. हनुमानने कापसाचा बोळा मनगटावर अंगठ्याने दाबला. तिची कातडी सैल आणि कोमट होती. थोड्या वेळाने त्याने बोळा उचलून पाहिलं. एक थेंब वर आला, फुगला आणि ओघळला. त्याने परत दाबलं. परत थोड्या वेळाने उचललं. परत थेंब.

"सारकं सारकं काढून काय बगतो?" बानाबाई म्हणाली. "धरत आलेलं सुटतंय त्यानं."

त्याने दाबलं. खालून कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला. "माय, त्या दिवशी मी बोललो ते…"

"ऐकलं मी."

"डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तसं होतं कधीकधी. वरून ओ दिसतं, पण आत…"

"ती म्हणली म्हून व्हय?"

त्याने बोळा आणखी घट्ट दाबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, तसंच, अंधारात काही हललं म्हणून बघावं तसं, पण आता तोंड वळवलं नाही.

"मी तुला कवा इचारलं का," ती म्हणाली, "तू कुनाचा म्हून?"

ते वाक्य त्याने ऐकलं, आणि त्याचं मन लगेच ते उचलून उजेडात धरायला निघालं. म्हणजे काय? कशाला विचारावं लागलं असतं? विचारण्यासारखं काही होतं म्हणून? की नव्हतं म्हणून? एक बाजू आणि दुसरी बाजू, दोन्ही सारख्या गुळगुळीत. अंगठ्याखाली काहीतरी हलकेच ठणकत होतं, तिची नाडी की त्याची, त्याला कळेना. बोळा थोडा ओला लागत होता की नव्हता. उचलून बघितलं असतं तर कळलं असतं.

दारात ऋतुराज आला. आत न येता चौकटीला टेकला, शेजारच्या खाटेशी बसलेल्या शीलाकडे एक नजर टाकून हळूच म्हणाला, "साहेब, तो नमुन्यांचा माणूस आलाय खाली. ते तुम्ही म्हणत होता… येताय?"

शीलाने वर पाहिलं. बानाबाईनेही.

"नाही," हनुमान म्हणाला. "हात मोकळा नाही माझा."